तोळा: सहाचे सात कसे झाले?

एक वाक्य आता इतक्या ठिकाणी छापलेले आढळते की ते चुकीचे आहे असे म्हणणाऱ्यालाच लोक विक्षिप्त ठरवतील. ते वाक्य असे: ‘एक तोळा म्हणजे दहा ग्रॅम.’ सराफाच्या पेढीवर ते ऐकू येते, लग्नाच्या बोलणीत ते गृहीत धरले जाते, वृत्तपत्रांत ते कंसात येते, आणि अलीकडे कुलवृत्तान्त, जुन्या पत्रांचे संग्रह व आठवणींची पुस्तके यांच्या तळटीपांतही ते विराजमान झाले आहे. पहिल्या तीन ठिकाणांबद्दल आमची तक्रार आहेच. परंतु चौथ्याबद्दल ती अधिक आहे, कारण तळटीप लिहिणारा वाचकाला माहिती देण्याचा अधिकार स्वतःकडे घेत असतो. राज्य शासनाच्या सेवेत वजनमापांशी संबंधित कामात आमची उमेदीची वर्षे गेली. त्या अनुभवाच्या बळावर आम्ही स्वच्छ शब्दांत सांगतो: आपल्या आजोबा-पणजोबांनी यादीत लिहिलेला तोळा दहा ग्रॅमचा नव्हता, कोणत्याही कायद्याने तो पुढे दहा ग्रॅमचा केला नाही, आणि तो तसा आहे असे मानल्याने खऱ्या माणसांचे खरे नुकसान होते.

प्रथम शब्द पाहू. संस्कृत ‘तुल्’ या धातूचा अर्थ तोलणे, उचलून पाहणे. त्याच कुळातून तुला, तुलना, तोल, समतोल, तुलादान हे शब्द आले. आणि सोनेचांदी तोलण्याचे जे वजन ते ‘तोलक’, म्हणजेच आपला तोळा. हिंदीत तोला, गुजरातीत तोलो, आम्ही राहतो त्या हैदराबादेत तेलुगू भाषकांच्या तोंडी तुलम्. उच्चार बदलले, कूळ एकच. तोळ्याच्या पोटातील मापांची नावे तर थेट शेतातून आणि रानातून आलेली आहेत. मासा हा संस्कृत ‘माष’, म्हणजे उडदाचा दाणा. आणि गुंज ही रानवेलीवर येणारी, अंगाने तांबडी व तोंडाशी काळी अशी बी. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे कोष्टक एके काळी शाळेतील मुलाला पाठ असे. त्याचे अवशेष आपल्या बोलण्यात अजून आहेत. एखाद्याची प्रकृती ‘तोळामासा’ असते, कोणी ‘गुंजभर’ही मागे हटत नाही, आणि सोयरीक ‘तोलामोलाची’ शोधली जाते.

या कोष्टकाप्रमाणे तोळ्यात शहाण्णव गुंजा भरतात. गुंज हा निसर्गाचा दाणा असल्यामुळे एका दाण्याचे वजन दुसऱ्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही, म्हणून राज्यकर्त्यांना वेळोवेळी तोळा धातूच्या ठोस वजनाशी बांधावा लागला. मोगल अमदानीत तो नाण्यांच्या वजनाशी जोडलेला होता. अकबराचा रुपया साडेअकरा माशांचा असल्याची नोंद ‘आइने अकबरी’त आहे. निरनिराळ्या संस्थानांच्या टाकसाळी निरनिराळ्या वजनाचे रुपये पाडू लागल्यावर तोळाही मुलखापरत्वे थोडा इकडेतिकडे झाला. हा घोळ मोडण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेन वजनाचा ठरवला, आणि त्यावरच ऐंशी तोळ्यांचा शेर व चाळीस शेरांचा मण बसवला. पुढे ब्राह्मी लिपी वाचून कीर्तिमान झालेला जेम्स प्रिन्सेप त्या काळी कलकत्त्याच्या टाकसाळीत धातुपरीक्षक होता, आणि वजने व नाणी यांच्या या सुधारणेत त्याचा मोठा वाटा होता. १८३५ मध्ये कंपनीचा सर्वत्र चालणारा रुपयाही नेमका १८० ग्रेन वजनाचाच पाडण्यात आला. ग्रॅममध्ये हे वजन ११.६६३८ भरते.

या व्यवस्थेतील शहाणपण ध्यानात घेण्यासारखे आहे. रुपया आणि तोळा यांचे वजन एकच ठेवल्यामुळे प्रत्येक घरात एक प्रमाणित वजन आपोआप येऊन पडले. राणीछाप रुपया पारड्यात टाकला की तोळा झाला. सोनाराच्या वजनाबद्दल शंका आली तर बाईने आपल्या गाठीचा रुपया काढून समोर ठेवावा. झिजलेला रुपया किंचित हलका भरे हे खरे, पण फसवणूक पकडायला तो पुरेसा होता. १९४० मध्ये रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले, तरी त्याचे वजन बदलले नाही. ‘रुपयाभार’ हा शब्द आपल्या वाडवडिलांच्या तोंडी होता तो यामुळे. म्हणजे ज्या तोळ्याला आज आपण जुनाट, ढोबळ, अंदाजपंचे माप समजतो, तो शंभरावर वर्षे कोणालाही घरच्या घरी पडताळता येत होता.

स्वातंत्र्यानंतर दशमान पद्धती आली. १९५६ च्या वजने व मापे प्रमाण अधिनियमाने ग्रॅम व किलोग्रॅम यांना मान्यता दिली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने जुनी वजने व्यवहारातून काढली. हा निर्णय योग्यच होता; त्याविरुद्ध आमचे एक अक्षर नाही. परंतु त्या अधिनियमाने जुन्या मापांना वाऱ्यावर सोडले नव्हते. जुन्याचे नव्यात रूपांतर कसे करावयाचे हे त्याच्या अनुसूचीत सांगितले होते, आणि तेथे एक तोळा बरोबर ११.६६३८ ग्रॅम हेच प्रमाण आहे. म्हणजे कायद्याने तोळा बंद केला. त्याची काटछाट केली नाही.

मग दहा ग्रॅम आले कोठून? ते सोयीतून आले. सोन्याचा भाव पूर्वी तोळ्याला सांगत, तो दहा ग्रॅमला सांगू लागले, कारण दहा हा आकडा दशमान पद्धतीत बसणारा आणि तोळ्याच्या सर्वांत जवळचा. भावाच्या पाटीवर तोळ्याच्या जागी दहा ग्रॅम आले, आणि त्या जागेबरोबर तोळ्याचे नावही त्यांना चिकटले. खुर्चीवर नवा अधिकारी येऊन बसावा, पण दारावरची पाटी जुन्याच्याच नावाची राहावी, तसा हा प्रकार आहे. सरकारी कचेरीत पाटी बदलायला उशीर झाला तर एखादा अर्ज चुकतो. येथे सोन्याचा हिशेब चुकतो.

चूक किती आहे तेही पाहू. ११.६६ आणि १० यांतील फरक १.६६ ग्रॅम, म्हणजे जुन्या तोळ्याचा जवळजवळ अचूक सातवा हिस्सा. सहा जुने तोळे म्हणजे ६९.९८ ग्रॅम. नव्या बोलीत हेच सोने सात तोळे म्हणवते. सहाचे सात झाले, आणि कोणी वाढवले नाही, कोणी घटवले नाही!

सहास सात हे गुणोत्तर आमच्या हैदराबादच्या जुन्या मंडळींना चांगले परिचयाचे आहे. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले, तर हद्दीपलीकडे कलदार. कलदार शंभर रुपयांना हालीचे ११६ रुपये १० आणे ८ पै, म्हणजे सहा कलदारास सात हाली, हा हिशेब मराठवाड्यातून सोलापूर-पुण्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असे. योगायोगाने प्रमाण तेच आहे. व्यवहाराची नीती मात्र अगदी वेगळी. तेथे दोन नाण्यांना दोन नावे होती. हाली देणारा ‘हाली’ म्हणून देई, घेणारा कलदाराच्या हिशेबाने मोजून घेई, आणि बट्टा दोघांनाही ठाऊक असे. आज तोळ्याच्या बाबतीत दोन वजनांना एकच नाव आहे आणि बट्टा कोणालाच ठाऊक नाही. ज्या काळाला आपण सरंजामी म्हणून नाके मुरडतो, त्या काळाने हा प्रामाणिकपणा तरी पाळला होता.

‘पण नुकसान कोणाचे होते? सराफ तर पावती ग्रॅममध्येच करतो,’ असा प्रश्न आम्हांस हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. दुकानात आज विकत घेतलेल्या दागिन्यापुरते पाहिले तर नुकसान नाही. काट्यावर ग्रॅम दिसतात, पावतीवर ग्रॅम लिहिले जातात, भाव ग्रॅमचा लागतो. म्हणून सराफांना चोर ठरवण्याचा सोपा मार्ग आम्ही घेत नाही. नुकसान होते ते जुना कागद आणि नवे वजन जेथे समोरासमोर येतात तेथे. त्याची तीन उदाहरणे देतो.

पहिले घरातले. आमच्या परिचयाच्या, मूळच्या सोलापूरकडील एका कुटुंबात वाटणीचा प्रसंग आला. १९४८ सालच्या लग्नाच्या यादीत ‘एकूण सोने सव्वीस तोळे’ अशी नोंद होती. त्या काळच्या सुनेचे, म्हणजे आताच्या मंडळींच्या आजीचे, ते स्त्रीधन. ते मुलींकडे जावे याविषयी कोणाचे दुमत नव्हते. दागिने काट्यावर घातले तेव्हा ३०१ ग्रॅम भरले. लगेच एका शिकल्यासवरल्या नातवाने हिशेब मांडला: सव्वीस तोळे म्हणजे दोनशे साठ ग्रॅम, मग वरचे एक्केचाळीस ग्रॅम यादीतले नव्हेत, ते घरच्या सामायिक सोन्यातले असले पाहिजेत, त्यांची वाटणी सर्वांत व्हावी. वस्तुतः सव्वीस तोळे म्हणजे ३०३ ग्रॅम. सत्तर-पाऊणशे वर्षांच्या वापरात दोन ग्रॅम झिजले, इतकेच. कागद खरा होता, काटा खरा होता, दागिने तेच होते. खोटे होते ते मधले एक वाक्य. त्या वाक्यापायी बहिणींच्या प्रामाणिकपणावर संशय घेतला गेला, आणि तो संशय हिशेब उलगडल्यावरही पुरता गेला नाही.

दुसरे देवळातले. आपल्याकडील कितीतरी जुन्या देवस्थानांच्या दागिन्यांच्या याद्या तोळ्यांत आहेत. समजा, एखाद्या यादीत सहाशे तोळे सोने नोंदले आहे. ते खरोखर ६,९९८ ग्रॅम असायला हवे. नवी नोंदवही करताना कोणी ‘तोळा म्हणजे दहा ग्रॅम’ या न्यायाने सहा हजार ग्रॅम लिहिले, तर जवळजवळ एक किलो सोने कागदावरून नाहीसे झाले. पेटीत ते आहे, पण वहीत नाही. असे सोने उद्या पेटीतून गेले तरी वही तक्रार करणार नाही. हिशेबतपासणीचे काम केलेल्या कोणालाही विचारा. वहीत नसलेली शिल्लक ही वहीत असलेल्या तुटीपेक्षा अधिक धोक्याची असते.

तिसरे कायद्यातले. झडतीच्या वेळी विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅमपर्यंतचे, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅमपर्यंतचे व कुटुंबातील पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, अशी सूचना केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ११ मे १९९४ रोजी दिली. लोकांनी तिचे भाषांतर ‘पन्नास तोळ्यांपर्यंत चालते’ असे करून टाकले. जिच्या आईच्या यादीत पन्नास तोळे लिहिले आहेत ती बाई निश्चिंत राहते. तिच्याजवळ प्रत्यक्षात ५८३ ग्रॅम असतात. या सूचनेने सोने बाळगण्याची मर्यादा घातलेली नाही, जप्तीपुरतीच ती आहे, हे खरे. पण जप्तीच्या प्रसंगी त्र्याऐंशी ग्रॅमचा प्रश्न उभा राहतो तो केवळ या चुकीच्या भाषांतरामुळे.

आता विरुद्ध पक्षाचे दोन आक्षेप घेऊ. पहिला विद्वानांचा आहे. शब्दांचे अर्थ बदलतात, मापेही बदलतात. मनुस्मृतीत पाच कृष्णलांचा, म्हणजे पाच गुंजांचा मासा आहे आणि पुढे तो आठ गुंजांचा झाला. मग तोळा दहा ग्रॅमचा झाला तर आकाश कोसळले काय? आमचे उत्तर असे की मासा आठ गुंजांचा झाला तेव्हा ‘आठ गुंजांचा मासा’ असेच कोष्टक सांगितले गेले. कोष्टक म्हणजे दोन मापांमधला जाहीर करार. तोळा तर ज्या कोष्टकात उभा आहे ते कोष्टकच या नव्या अर्थाने मोडते. दहा ग्रॅमच्या तोळ्यात मासे किती? बारा म्हणावे तर गुंज हलकी होते. आठ गुंजांचा जुना मासा धरावा तर तोळ्यात सव्वादहाच मासे उरतात. शेराचे तोळे किती हे तर विचारूच नये. नवा अर्थ यायचा असेल तर त्याने आपले कोष्टक घेऊन यावे.

शिवाय अर्थ बदलला असेही म्हणता येत नाही, कारण जुना अर्थ अजून जिवंत आहे. नेपाळ व पाकिस्तानात सोन्याचा तोळा आजही ११.६६ ग्रॅमचाच धरतात. ‘दहा तोळ्यांचे बिस्कीट’ आपल्याला तस्करीच्या बातम्यांतून माहीत आहे. त्याचे वजन ११६.६४ ग्रॅम असते, शंभर ग्रॅम नव्हे. सज्जनांनी सोडलेले प्रमाण तस्करांनी निष्ठेने पाळले, यावर अधिक काय बोलावे! उलट आमच्याकडे २०२३ च्या तेलंगण विधानसभा निवडणुकीत वधूला सोने देण्याचे आश्वासन गाजले, तेव्हा तेलुगूत ‘तुलम्’ आणि इंग्रजी बातम्यांत ‘दहा ग्रॅम’ असे जोडीने चालले. ऐकणाऱ्या म्हातारीच्या मनातला तुलम् कोणता, हे कोणी विचारले नाही.

दुसरा आक्षेप आधुनिकांचा आहे. जुनी मापे म्हणजे गोंधळ. शेर कोठे ऐंशी तोळ्यांचा तर दक्षिणेत कोठे चोवीस तोळ्यांचा. ही जळमटे कशाला जपायची? आम्हीही ती जपा असे म्हणत नाही. बाजारात तोळा परत आणावा असे आमच्या स्वप्नातही नाही. वैध मापन अधिनियम २००९, जो १ एप्रिल २०११ पासून अमलात आहे, त्याच्या अकराव्या कलमाने भाव प्रमाणित एककांखेरीज अन्य मापात सांगण्यास मनाई केली आहे. ती सर्वांनी पाळावी अशीच आमची इच्छा आहे. पण गोंधळ कोणता हे नीट पाहा. चोवीस तोळ्यांचा शेर वापरणाऱ्याला आपला शेर चोवीस तोळ्यांचा आहे हे ठाऊक होते. त्याला तो ‘कच्चा’ म्हणे आणि दुसऱ्याला ‘पक्का’. खरा गोंधळ आजचा आहे, कारण आज एकाच घरात सासूचा तोळा आणि सुनेचा तोळा वेगळा आहे आणि दोघींनाही तो एकच वाटतो.

राहता राहिला आमच्या मुख्य तक्रारीचा विषय, आपली तळटीप. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी समाजापाशी इतिहास म्हणून जे आहे ते बव्हंशी कौटुंबिक कागदांत आहे: लग्नाच्या याद्या, वाटणीपत्रे, देवस्थानांची टिपणे, बडोदे-ग्वाल्हेर-इंदूरच्या चाकरीतल्या पूर्वजांची पत्रे. ते छापताना संपादक मोठ्या ममतेने मोडीचे देवनागरी करतो, नावांची खातरजमा करतो, तिथीवरून तारीख काढतो, आणि तोळा आला की डोळे मिटून ‘दहा ग्रॅम’ लिहितो. तिथी चुकली तर त्याला चुटपुट लागते; सोन्याचा सातवा हिस्सा गळाला तरी लागत नाही. आणि यावर उतारा म्हणून सगळीकडे ११.६६ चा शिक्का मारावा असेही आम्ही सुचवत नाही. ते प्रमाण १८३३ नंतरच्या, कंपनीच्या व पुढे सरकारच्या वजनाचे. पेशवाईतील कागदातला तोळा त्या त्या ठिकाणच्या टाकसाळीच्या आधाराने पाहावा लागेल. निजामाच्या हद्दीतील कागदात ‘रुपयाभार’ आले तर हाली रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम होते, हे ध्यानात ठेवावे लागेल. जेथे आधार सापडत नाही तेथे तोळा हा तोळाच ठेवावा. वाचक त्याने उपाशी राहत नाही.

तेव्हा आमचे मागणे थोडके आहे. नवी यादी, नवे मृत्युपत्र, नवी नोंदवही करणाऱ्याने सरळ ग्रॅम लिहावेत आणि तोळ्याचे नाव काढू नये. घरात जुनी यादी असेल तर ती वाचणारी पिढी आहे तोवर तिच्या शेजारी ग्रॅममधले वजन लिहून, दोघांच्या सह्या घेऊन ठेवावे. देवस्थानांच्या विश्वस्तांनी जुन्या व नव्या नोंदवह्या एकदा समोरासमोर ठेवून रूपांतर कोणत्या प्रमाणाने केले आहे ते तपासावे. सराफांनी भावाच्या पाटीवर ‘तोळा’ लिहू नये. आणि आपल्या संस्थेच्या प्रकाशनांतून, निदान या पत्रिकेतून तरी, ‘एक तोळा म्हणजे दहा ग्रॅम’ हे वाक्य यापुढे छापले जाऊ नये. ज्यांना हे मागणे काटेकोरपणाचा अतिरेक वाटेल त्यांनी घरातला एखादा राणीछाप रुपया सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहावा, आणि काट्याने जो आकडा दाखवला तो मान्य करावा.